मधली रेघ

‘क्लायंट’ नावाच्या जमातीचं एक लाडकं वाक्य आहे. डिझाइन समोर ठेवलं की तो खुर्चीत मागे रेलतो, मान जरा तिरकी करतो आणि म्हणतो, ‘‘मस्त आहे, फक्त जरा सिमेट्रिकल करा ना!’’ क्लायंट बिल्डर असो, बँकवाला असो की परवाच सुरू झालेल्या स्टार्टअपचा तिशीतला मालक, वाक्य तेच. लोगो मधोमध, नाव मधोमध, डावीकडे एक फोटो म्हणून उजवीकडे एक फोटो. झालं डिझाइन!

आणि नुसत्या क्लायंटला कशाला नावं ठेवायची? आपणही काही कमी नाही. पॉवरपॉइंटची पहिली स्लाइड उघडली की आपलं बोट आपोआप ‘सेंटर अलाइन’कडे जातं. नव्या फ्लॅटमध्ये टीव्ही भिंतीच्या बरोब्बर मधोमध आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन कुंड्या. लग्नपत्रिकेत वर मधोमध गणपती, खाली एकीकडे चि. आणि दुसरीकडे चि. सौ. कां. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स म्हणजे तर सिमेट्रीचा कळस. मध्यभागी ‘भाऊ’, आणि दोन्ही अंगांना गोल गोल चौकटींमधले शुभेच्छुक. डावीकडे जितके, तितकेच उजवीकडे. एक जरी कमी पडला तरी कुणीतरी रुसणार!

तर मंडळी, आज या सिमेट्रीबद्दल. शाळेत भूमितीच्या पुस्तकात तिला ‘सममिती’ म्हणायचे. कागदावर शाईचा थेंब टाकायचा, मधोमध घडी घालायची, उघडलं की फुलपाखरू तयार. ती जी घडी, तो सममितीचा अक्ष. मी तिला सरळ ‘मधली रेघ’ म्हणते. आणि ती बघायला आपण पॅरिस-मिलानला नाही, बारामती आणि इंदापूरला जाणार आहोत. दचकू नका! बारामती म्हटल्यावर तुमच्या मनात जे आडनाव आलं, ते आजच्या लेखात नाही.

डोळ्याची सोय

आधी एक साधा प्रश्न. डोळ्याला सिमेट्री इतकी का आवडते?

एक उत्तर असं, की त्याचे कष्ट वाचतात. अर्धं बघितलं की उरलेलं अर्धं फुकटात कळतं. शिवाय आपल्याकडे समोरून बघणारी बहुतेक प्राणिमंडळी, म्हणजे माणूस, गाय, मांजर, अगदी माशीसुद्धा, उभ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखीच असते. त्यामुळे उभ्या रेघेभोवतीची सिमेट्री डोळा चटकन पकडतो. आडव्या रेघेभोवतीची, म्हणजे वरचं आणि खालचं सारखं असलेली, ओळखायला त्याला जरा जास्त वेळ लागतो. मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगांतून तपासलेलं आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दुसरं कारण म्हणजे रुबाब. देऊळ, कोर्ट, सिंहासन, राजवाड्याचा दरवाजा, जिथे जिथे समोरच्याला दोन पावलं मागे थांबवायचं असतं, तिथे तिथे मधली रेघ येते. आपला शनिवारवाडाच घ्या. १७३२ मध्ये बांधून झालेल्या या वाड्याचा दिल्ली दरवाजा समोरून कसा दिसतो? मधे भलंमोठं दार, दोन्ही बाजूंना बुरूज, सगळं कसं तोलून-मापून. पण आत शिरल्यावर वाट सरळ जात नाही. ती आधी काटकोनात उजवीकडे वळते, मग डावीकडे. शत्रू दार फोडून आत घुसलाच, तर त्याला सरळ धावता येऊ नये म्हणून! म्हणजे समोर सिमेट्री, आत वळण. समोरचं बघणाऱ्यासाठी, आतलं राहणाऱ्यासाठी.

हे वाक्य मी माझ्या सॉफ्टबोर्डवर लावून ठेवलंय. आता त्याच्या जोरावर बारामतीला चला.

गांधीलमाशी, मेड इन बारामती

बारामतीच्या एमआयडीसीत पियाज्जिओचा कारखाना आहे. तिथे दोन माश्या तयार होतात. एक ‘अ‍ॅपे’, तीच ती तीनचाकी, जिच्याशिवाय आपल्या तालुक्याच्या गावांचं पान हलत नाही. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थ मधमाशी. दुसरी २०१२ पासून इथे बनू लागलेली ‘व्हेस्पा’, म्हणजे गांधीलमाशी. पियाज्जिओने व्हेस्पाचं पेटंट घेतलं २३ एप्रिल १९४६ रोजी. डिझाइन होतं कोराडिनो द’अस्कानिओ या विमानं आणि हेलिकॉप्टरवाल्या इंजिनिअरचं. मालक एनरिको पियाज्जिओने ती बघितली आणि ही तर गांधीलमाशी दिसते, असं म्हटलं, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. बारीक कंबर आणि मागे फुगीर पोट.

जुन्या व्हेस्पाची गंमत तुम्हाला माहीत असेलच, कारण ती आपल्या सगळ्यांच्या घरी होती. बजाजने १९६१ ते १९७१ या काळात व्हेस्पाच्याच परवान्यावर स्कूटर बनवल्या आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ आणली. बाबांच्या त्या चेतकला मागून बघा. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना सारखे दोन गुबगुबीत फुगे. एकदम सिमेट्रिकल! आता फुगे उघडा. उजव्या फुग्यात अख्खं इंजिन. डाव्या फुग्यात बॅटरी, नाहीतर किरकोळ सामान. म्हणजे सगळा जडपणा एका अंगाला आणि दुसरं अंग केवळ शोभेला फुगवलेलं. ती स्कूटर चालवणाऱ्या एका अख्ख्या पिढीला मात्र गाडी जरा एका बाजूला ओढते, हे हाताला कळायचं. डोळ्याला कधी कळलं नाही.

असं का केलं असेल? कारण मागच्या चाकाला चेन नको होती. कपड्यांना ग्रीस लागू नये, पाय पसरून टांग मारावी लागू नये, मधे पाय ठेवायला मोकळी जागा मिळावी, असा सगळा विचार होता. मग इंजिन चाकाच्या शेजारीच बसवावं लागलं. ‘शेजारी’ म्हटलं की एकच बाजू आली. तीच गोष्ट पुढच्या चाकाची. मोटारसायकलचं पुढचं चाक दोन दांड्यांच्या चिमट्यात असतं. व्हेस्पाचं चाक एकाच बाजूने धरलेलं आहे, विमानाच्या चाकासारखं, पंक्चर झालं तर पटकन काढता यावं म्हणून. बारामतीतून बाहेर पडणाऱ्या आजच्या व्हेस्पातही ते तसंच एका हातावर तोललेलं आहे. पुढच्या वेळी सिग्नलला शेजारी व्हेस्पा थांबली, तर वाकून बघा. (चालवणाऱ्याला आधी सांगा, नाहीतर गैरसमज व्हायचा!)

उलट बिचारी अ‍ॅपे. पुढे मधोमध एक चाक, मागे दोन. तिची सिमेट्री काही दाखवायची नाही, ती कामाची आहे. दहा पोती डाळिंब आणि वर चार माणसं घेऊन कच्च्या रस्त्याने जायचं, तर दोन्ही बाजूंनी सारखं उभं राहावंच लागतं.

म्हणजे एकाच कारखान्यात दोन तऱ्हा. एक दाखवायची सिमेट्री, एक निभवायची. दोन्ही चांगल्याच, फक्त आपण कुठली करतोय ते आपल्याला माहीत हवं.

बारा-अठरा, बारा-अठरा

बारामतीत कारखाना येण्याच्या दोनेकशे वर्षं आधी कऱ्हेकाठी एक जबरदस्त ‘लेआउट आर्टिस्ट’ राहायचे. त्यांना स्वतःला हा शब्द आवडला नसता. मोरोपंत, जन्म १७२९ मध्ये पन्हाळ्याचा, मृत्यू १७९४ मध्ये बारामतीत. बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहून त्यांनी डोंगराएवढं लिहिलं. आर्या म्हणजे मोरोपंत, हे समीकरण शाळेपासून आपल्या डोक्यात बसलंय.

आता मजा बघा. शास्त्राप्रमाणे अस्सल आर्या हे वृत्तच मुळी लंगडं असतं. पहिल्या ओळीत ३० मात्रा आणि दुसरीत २७. मोरोपंतांनी ज्या हजारो ‘आर्या’ लिहिल्या, त्या बहुतेक सगळ्या खरं तर ‘गीती’ या वृत्तातल्या आहेत. गीतीत दोन्ही ओळी ३०-३० मात्रांच्या. पंतांना दोन्ही पारडी सारखी हवी होती म्हणा ना!

पण ही सिमेट्री आरशातली नाही. गीतीची ओळ मधे थांबते ती निम्म्यावर, म्हणजे १५ वर, नव्हे. ती १२ वर थांबते आणि पुढे १८ मात्रा धावते. दुसरी ओळही तशीच, १२ आणि १८. आरशातली असती तर १२-१८ नंतर १८-१२ आलं असतं. इथे तीच चाल जशीच्या तशी पुन्हा येते. साडीच्या काठावर तोच मोर पुढे पुढे सरकत जातो ना, तशी. गणितवाले हिलाही सममितीच म्हणतात. आरशाची एक, सरकवण्याची एक आणि फिरवण्याची एक. ठिपक्यांची रांगोळी फिरवून पाहिली तरी तीच दिसते, ती तिसरी.

आपल्या डोक्यात मात्र सिमेट्री म्हणजे फक्त आरसा. तेव्हा ऑफिससाठी पंतांची फुकट टिप घ्या. १२ ला १८ म्हणजे दोनास तीन. स्लाइडचे उभे पाच भाग करा. डावीकडच्या दोन भागांत आकडा किंवा चित्र, उजवीकडच्या तीन भागांत मजकूर. आणि मुख्य म्हणजे दर स्लाइडला हेच. एकेक स्लाइड असमान, पण अख्खं प्रेझेंटेशन एका ठेक्यात. तुमचा बॉस चौथ्या स्लाइडला जांभई देणार नाही, अशी माझी अर्धी गॅरंटी. उरलेली अर्धी आकड्यांवर.

‘क’ कमळातला

आता मराठी डिझाइनवाल्यांचं एक खास दुखणं. इंग्रजी कॅपिटल ‘ए’, ‘एच’, ‘एम’, ‘टी’, ‘ओ’ ही अक्षरं उभी मधोमध कापली तरी दोन्ही तुकडे सारखे. म्हणून इंग्रजी लोगो आरशात घालायला सोपे. आपल्या देवनागरीचं काय? ‘म’, ‘न’, ‘त’, ‘ग’, ‘प’, सगळ्यांची दांडी उजवीकडे. वर शिरोरेघ, खाली काना-मात्रा-वेलांटीचा संसार. त्यातल्या त्यात ‘ठ’ जरा आरशात बसेल. पण ‘ठ’ने सुरू होणाऱ्या कंपन्या किती असणार?

मग देवनागरी अक्षरं वेडीवाकडी दिसतात का? मुळीच नाही. आपलं पहिलंच व्यंजन घ्या, ‘क’. मधे उभी दांडी. डावीकडे बंद, गोल, भरलेलं पोट. उजवीकडे उघडी, लांब, मोकळी शेपटी. दोन्ही बाजू एकमेकींसारख्या अजिबात नाहीत, तरी अक्षर ढिम्म हलत नाही. कारण जड गोष्ट दांडीला चिकटून आहे आणि हलकी गोष्ट दूरवर पसरलीय. बागेतल्या सी-सॉवर बाबा मधल्या खुंटीजवळ सरकतात आणि पोरगी टोकाला बसते, तेव्हा फळी आडवी राहते ना? तेच हे. वजन गुणिले अंतर.

याला म्हणायचं तोल. सिमेट्री आणि तोल यांत आपण फार घोळ घालतो. सिमेट्रीत दोन्ही बाजू सारख्या असतात. तोलात त्या एकमेकींना पुरून उरतात. सिमेट्री आली की डोळ्याला बहुतेक वेळा तोल मिळतोच. पण तोल साधायला सिमेट्री लागतेच असं नाही.

आणि हे फक्त पोस्टरपुरतं थोडंच आहे? लग्नाला दोन वर्षं झालेल्या माझ्या मित्रमंडळींची भांडणं ऐकते, तेव्हा निम्मी भांडणं आरशाची असतात. ‘मी दोन दिवस स्वयंपाक केला, आता तू दोन दिवस कर.’ कागदावर एकदम फिफ्टी-फिफ्टी. पण एकाला कांदा चिरायलाच अर्धा तास लागतो आणि दुसरीला घरभाडं, विमा, गॅस, सगळ्याच्या तारखा पाठ. तिथे आरसा कशाला धरायचा? तिथे सी-सॉ बरा.

एका पायावर

बारामतीहून भिगवणला या. इथून इंदापूर तालुका आणि उजनीचं पाणी दोन्ही सुरू होतात. भिगवणजवळ कागदाची मोठी गिरणी आहे. तिथे मासिकांना लागणारा चकचकीत कोटेड कागद तयार होतो. तुम्ही या क्षणी ज्या प्रकारच्या पानावर बोट फिरवताय, तसा. या कागदावर पांढऱ्या मातीचा आणि चुन्याच्या भुकटीचा पातळ लेप असतो, आणि मासिकाच्या कागदाला तो दोन्ही बाजूंना द्यायचा असतो. एकाच बाजूला दिला तर दोन्ही अंगं हवेतला ओलावा सारखा ओढत नाहीत आणि कागद पापडासारखा वळायला लागतो. म्हणजे ही अ‍ॅपेवाली सिमेट्री. दिसत नाही, पण ती आहे म्हणून पान सपाट राहतं.

गिरणी सोडून पाण्याकडे, कुंभारगावला गेलं, तर हिवाळ्यात आपले सगळे फोटोग्राफर मित्र तिथेच भेटतात. लांब लेन्स, जॅकेट आणि तोंडाला चिलापी फ्रायचा वास. कारण रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, आलेले असतात. इन्स्टाग्रामवरचे भिगवणचे निम्मे फोटो एकाच साच्यातले असतात. मधोमध पाण्याची आडवी रेघ, वर गुलाबी पक्षी, खाली त्याचं तितकंच गुलाबी प्रतिबिंब.

पण त्या पक्ष्याकडे नीट बघा. तो एका पायावर उभा आहे. आपल्याला वाटतं, काय ती तपश्चर्या! २०१७ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक आणि एमरी विद्यापीठाच्या दोन शास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला. त्यांना आढळलं, की मेलेला रोहितसुद्धा एका पायावर आपोआप उभा राहू शकतो. एका पायावर शरीराचा भार बरोबर खाली आला की सांधे असे बसतात, की स्नायूंना फारसं कामच उरत नाही. दोन पायांवर मात्र ते मेलेलं शरीर उभं राहीना! म्हणजे रोहित पक्ष्यासाठी एक पाय ही तपश्चर्या नाही, तो आराम आहे. कष्ट दोन पायांवर आहेत.

सगळीकडे सारखं उभं राहायच्या नादात आपण किती दमतो, हे ज्याचं त्याने ठरवावं.

खालचं अर्धं

आता या सगळ्या प्रवासातली शेवटची आणि मला सगळ्यात जास्त छळणारी सिमेट्री.

भिगवणहून सोलापूर हायवेने इंदापूरकडे निघालं की पळसदेव लागतं. हायवेवरचं गाव नवं आहे. जुनं पळसदेव भीमेच्या काठी होतं. १९६९ मध्ये उजनी धरणाचं काम सुरू झालं, १९८० मध्ये ते पूर्ण झालं आणि भीमाकाठची पुणे, सोलापूर आणि तेव्हाच्या नगर जिल्ह्यातली कितीतरी गावं उठली. जुन्या पळसदेवाचं पळसनाथाचं देऊळ मात्र तिथेच राहिलं. धरण भरलं की नुसता शिखराचा वरचा भाग पाण्याबाहेर दिसतो. वारा नसेल तर त्याचं प्रतिबिंब इतकं स्वच्छ पडतं, की फोटो उलटा धरला तरी चटकन कळत नाही.

तो फोटो बरेच दिवस माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वॉलपेपर होता. डिझाइनर म्हणून मला तो फार आवडायचा. ती आडवी मधली रेघ! मघाशी म्हटलं ना, आडव्या रेघेची सिमेट्री डोळ्याला सावकाश कळते. म्हणून असा फोटो ओरडत नाही, हळूहळू उलगडतो. एकदा आमच्या टीममधला एक जण चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला. इंदापूरकडचा आहे, कोडिंग करतो, फारसा बोलत नाही.

‘‘छान आहे ना सिमेट्री?’’ मी विचारलं.

तो म्हणाला, ‘‘हो. फक्त खालच्या अर्ध्यात आमचं गाव आहे.’’

मी काहीच बोलले नाही. मग त्यानेच सांगितलं, अगदी सहज. त्याच्या आजोबांचं घर, विहीर, चिंच, सगळं त्या पाण्याखाली. उन्हाळ्यात उजनी ‘मायनस’मध्ये गेली की आजी सांगायची, आता आपला उंबरा उघडा पडला असेल. हा ‘मायनस’ शब्द तिकडे पोराटोरांच्या तोंडी आहे. धरणाच्या पाण्याला एक शून्याची रेघ असते. तिच्या वर उपयुक्त साठा, तिच्या खाली मृतसाठा. पाणी रेघेखाली गेलं की टक्के उणे मोजतात. मे २०२४ मध्ये उजनी अशीच खोल मायनसमध्ये गेली आणि पळसनाथाचं देऊळ खालपासून वरपर्यंत उघडं पडलं. टीव्हीवाले आले, ड्रोन उडाले, पुण्याहून गाड्या भरून लोक गेले. भोवती भेगाळलेली माती होती. प्रतिबिंब नव्हतं.

म्हणजे बघा, देऊळ पूर्ण असतं तेव्हा आरसा नसतो. आरसा पूर्ण असतो तेव्हा देऊळ नसतं. आपण ज्याला सिमेट्री म्हणून लाइक करतो, ते अर्धं देऊळ आणि अर्धं पाणी असतं. आणि पाण्याने काय झाकलंय, ते प्रतिबिंबात दिसत नाही.

मी म्हटलं, ‘‘घरात राग येत असेल ना त्या पाण्याचा?’’ तो हसला. ‘‘वडील म्हणतात, पाणी आलं म्हणून ऊस आला. ऊस आला म्हणून तू पुण्यात शिकलास. आजी म्हणायची, ज्यांचं गेलं ते एक आणि ज्यांना मिळालं ते दुसरे. दोघंही खरंच बोलतात.’’

त्या एका घरात सिमेट्री आणि तोल यांतला फरक माझ्यापेक्षा चांगला कळलेला होता. बुडालेलं गाव आणि भिजलेलं शेत, दोन्ही एकाच पाण्याच्या दोन बाजू. पण त्या आरशातल्यासारख्या सारख्या नाहीत. एकाचा उंबरा गेला, म्हणून त्यालाच तेवढा ऊस मिळाला, असा हिशोब कुठेच होत नाही. कुणाच्या पदरात जास्त पडलं, कुणाच्या कमी. जमाखर्चाच्या दोन्ही रकान्यांखाली सारखा आकडा लिहून रेघ मारता येते, पण रकान्यांमधली नावं वेगळी असतात.

पळसनाथ हा महादेव. महादेवाच्या देवळात आणखी एक गोष्ट असते. देऊळ दोन्ही अंगांनी कितीही सारखं बांधलेलं असो, अभिषेकाचं पाणी बाहेर जायला एकाच बाजूला वाट ठेवलेली असते. ती ओलांडायची नाही, म्हणून प्रदक्षिणाही पूर्ण घालत नाहीत, तिथपर्यंत जाऊन मागे फिरतात. ज्यांनी ही देवळं बांधली, त्यांना सिमेट्री आपल्यापेक्षा नक्कीच जास्त कळत होती. पण आत पाणी पडतं, तर ते कुठून तरी बाहेर जायला हवं, आणि ते दोन्हीकडून सारखं जात नाही, हेही त्यांना कळत होतं.

तर क्लायंटने पुन्हा ‘जरा सिमेट्रिकल करा ना’ म्हटलं, तर जरूर करा. आमंत्रण असेल, सन्मानपत्र असेल, जिथे बघणाऱ्याने थांबून नमस्कार करावा असं काही असेल, तिथे मधली रेघ शोभतेच. फक्त ती ओढण्याआधी एकदा विचारा. ही अ‍ॅपेची सिमेट्री आहे की चेतकच्या डाव्या फुग्याची? दोन्ही बाजू खरंच सारख्या आहेत, की एक बाजू आपण नुसती फुगवतोय? आणि टीमचं काम, घरातली कामं, पगाराची वाटणी असं काही मधोमध कापायची वेळ आली, तर शेवटचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. खालच्या अर्ध्यात कुणाचं गाव आहे?